मामेसासऱ्यांचा सायलेन्सर

जगातली कुठलीही वस्तू कधी मोडत नाही, ती फक्त काही काळापुरती दुरुस्तीला आलेली असते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. बायकोचे आई-वडील ती शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून मामा-मामींनीच तिला बिबवेवाडीच्या आपल्या लहानशा फ्लॅटमध्ये आणून वाढवली, शिकवली आणि मग माझ्या हाती दिली. मी म्हणजे अकोल्याहून पुण्यात आलेला, संगणकावर दिवसभर नेमकं काय करतो हे स्वतःच्या आईलाही नीट सांगता न येणारा मुलगा. बघायच्या कार्यक्रमात पोहे आले, चहा आला, आमच्या थोरल्या काकांनी गावाच्या-नात्याच्या सगळ्या चौकशा केल्या. मामा मात्र एक अक्षर न बोलता माझ्या मनगटाकडे बघत होते. शेवटी त्यांनी माझा हात जवळ ओढला, मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं आणि विचारलं, "चालतं का?" मी म्हटलं, "हो, चालतं." "मग सध्या माझं काही काम नाही," असं म्हणून त्यांनी माझा हात मला परत केला. मुलगा पसंत आहे असा त्याचा अर्थ होतो, हे मला लग्नानंतर बायकोनं सांगितलं.

मामा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांच्या भिंती, कालवे, कालव्यांचे दरवाजे यांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचं अक्षर असं, की छापखान्यातल्या खिळ्यांनी मान खाली घालावी. दोन समांतर रेघा मारल्याशिवाय त्यांना काही लिहिताच येत नसे. मामींच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्या अक्षरात डाळीचं नाव, खाली डबा कितव्यांदा डागडुजी होऊन आला त्याची नोंद आणि कोपऱ्यात सही असायची. त्यांची पेन्सिल लवंगेएवढी झाली तरी टाकली जात नसे. ती पितळेच्या एका नळीत बसवून ते पुढं चालवत. त्यांच्या छत्रीला मूळ छत्रीचं म्हणावं असं काहीच उरलेलं नव्हतं. काड्या एकीच्या, कापड दुसरीचं, मूठ एका मोडक्या काठीची. ती उघडण्याची एक खास रीत होती. आधी डावीकडे अर्धा फेर, मग मुठीवर एक चापट, मग दम धरायचा. रीत माहीत नसलेला माणूस भिजायचा. मी दोनदा भिजलो. घरी पाहुण्याला बसायला खुर्ची देताना मामी हळूच सांगायच्या, "डावीकडे रेलू नका हं." पाहुणा तासभर उजवीकडे कलून बसायचा आणि मामा त्याच्याकडे संशयानं बघायचे.

निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना त्यांच्या ऑफिसात संगणक आला आणि नकाशे आता त्यावर काढायचे असं ठरलं. मामा शिकायला गेले. शिकवणाऱ्यानं पडद्यावर एक तिरकी रेघ काढून दाखवली. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक पडद्याला टेकवलं आणि म्हणाले, "साहेब, ही रेघ नाही. ह्या पायऱ्या आहेत. मी कालव्याला पायऱ्या काढू?" तो प्रसंग ते मला नेहमी सांगत आणि मग माझ्याकडे असं बघत, की त्या पायऱ्या जणू मीच घातल्या होत्या. "तुमच्या धंद्यात सगळं नवीनच लागतं ना हो, जावईबापू?" ते विचारत. "दर वर्षी नवा संगणक. जुन्याला काय झालं असतं?" "तो हळू चालतो, मामा." "मीही हळू चालतो," मामा म्हणत.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि त्यांच्या बदली होऊन निघालेल्या साहेबांनी जाता जाता आपली जुनी गाडी त्यांच्या गळ्यात घातली. बिस्किटी रंगाची, चौकोनी, टोपल्यासारख्या पाठीची ती गाडी. त्या काळात पुण्यात रोज नवनव्या गोल गोल गाड्या रस्त्यावर येत होत्या, कर्जं दारात येऊन मिळत होती, आमच्या ऑफिसातली पोरं पहिल्या पगाराच्या आधी गाडीचा रंग ठरवत होती. मामा मात्र त्या बिस्किटाच्या प्रेमात पडले. मला वाटतं, एवढ्या ठिकाणी मोडलेली एवढी मोठी वस्तू त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. त्यांनी तिचं इंजिन जवळजवळ हातानं समजावून चालू केलं. दाराच्या मुठी बसवल्या. ड्रायव्हरच्या बाजूची काच चार बोटं खालीच अडकायची, ती मात्र त्यांनी तशीच ठेवली, कारण हात बाहेर काढून वळायची खूण करायला ते सोयीचं होतं. सगळं आटोक्यात आलं. एक सायलेन्सर तेवढा हाताला लागेना.

तो फुटला होता. गंजून त्याला जागोजाग भोकं पडली होती आणि गाडीचा आवाज पिठाची गिरणी, फटाक्यांची माळ आणि चिडलेला रेडा यांच्या मध्ये कुठंतरी होता. मामा मार्केट यार्डाच्या चौकात वळले की इकडे बिबवेवाडीत मामी चहाचं आधण ठेवायच्या. चहा उकळायला आणि मामा जिना चढून यायला एकच गाठ पडायची. सोसायटीच्या बैठकीत या आवाजाचा विषय निघाला. सेक्रेटरी अदबीनं म्हणाले, "आपण एकदा नवीन सायलेन्सर टाकून घ्यावा, असं सर्वांचं मत आहे." मामा म्हणाले, "आपला नळ तीन वर्षं गळतोय, आपण नवीन घर घेतलंत का?" विषय तिथंच मिटला.

नवीन टाकायचा नाही हे ठरलेलंच होतं. पेन्शन बेताची होती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. नवीन आणणं म्हणजे हार मानणं, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर त्या सायलेन्सरचा रीतसर नकाशा काढला. वरून, बाजूनं, मधोमध कापून. प्रत्येक भोकाला क्रमांक दिला, व्यास लिहिला. खाली मारुतीच्या शेपटीसारखी वळलेली ती धुराची नळी, तिचे सांधे, तिच्या कड्या. इतका देखणा सायलेन्सर बनवणाऱ्या कारखान्यानंही पाहिला नसेल. मग आमच्या पहिल्या दिवाळसणाला, मी सासुरवाडीचा नवा झब्बा घालून, अत्तर लावून फराळाला बसणार, तोच खालून हाक आली, "जावईबापू, जरा खाली येता का?" मला वाटलं, सोसायटीच्या लोकांशी ओळख करून देणार असतील. खाली गेलो तर मामा दिसेनात. आवाज मात्र येत होता. "अजून खाली," ते म्हणाले. वाकून पाहिलं, तर ते गाडीखाली बटाट्याच्या पोत्यावर उताणे पडले होते आणि शेजारी माझ्यासाठी दुसरं पोतं अंथरलेलं होतं.

पुढची दोन वर्षं माझे बहुतेक रविवार त्या पोत्यावर गेले. पहिल्या खेपेला आम्ही वनस्पती तुपाचा डबा कापून त्याचा पत्रा भोकावर गुंडाळला आणि तारेनं आवळला. आठ दिवस रस्त्यानं जाताना गाडीला तळणाचा वास येत होता. दुसऱ्या खेपेला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी आणि भोकं बुजवायची, दोन रंगांची मिसळायची लांबी. मामांनी ती इतक्या मायेनं थापली, की मामी वरून म्हणाल्या, "पुरणपोळ्याही आज तुम्हीच करा." तिसऱ्या खेपेला जुन्या बाजारातून बोअरच्या पंपाचा एक पाइप आणला, तो आणताना बसमध्ये कंडक्टरनं त्याचं वेगळं तिकीट मागितलं आणि मामांनी तो पाइप आपल्या पायजम्यात लपवायचा प्रयत्न केला. गाडीखाली पडल्या पडल्या मामा खूप बोलत. एरवी दोन वाक्यांच्या वर न जाणारा माणूस तिथं, डोळ्यांत गंज पडत असताना, मला धरणांच्या गोष्टी सांगे. अमुक धरणाच्या भिंतीला एकदा पाणी झिरपायला लागलं, तेव्हा कुठून झिरपतंय ते रात्रंदिवस शोधून कसं काढलं. कुठल्या साहेबानं कुठली रेघ चुकवली आणि ती यांनी गुपचूप कशी सुधारली. माझे वडील लांब अकोल्याला. पुण्यात माझ्याशी बापासारखं कुणी बोललं असेल, तर ते त्या गाडीच्या पोटाखाली.

मग मामांनी वेल्डिंगचा मार्ग धरला. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत ट्रकची कामं करणारा, मिशीला झळा लागून पिंगट झालेला एक मिस्त्री होता. त्यानं गाडीखाली बॅटरी मारली, हातोडीनं दोनदा टकटक केलं, तशी गंजाची पोळीच्या पोळी खाली पडली. तो बाहेर येऊन म्हणाला, "काका, वेल्डिंग धराया हितं पत्रा कुठं हाय? हवेला हवा जोडू का?" "प्रयत्न करा," मामा म्हणाले. "नवा टाका की, काका. आरामात ऱ्हावा." "नवा टाकायला तुमच्याकडे कशाला येऊ?" मामा म्हणाले. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला, पण केलं काम. मागच्या बाजूची सगळी भोकं त्यानं बुजवली. आवाज निम्म्यावर आला. मामांनी नकाशावरच्या सात क्रमांकांपुढे बरोबरच्या खुणा केल्या.

त्यानंतर आम्ही गाडीच्या धुराचं प्रमाणपत्र काढायला गेलो. ते तेव्हा नुकतंच सक्तीचं झालं होतं. तपासणाऱ्यानं मागच्या नळीत आपली सळई घातली, यंत्राकडे पाहिलं, सळई काढून फुंकली, पुन्हा घातली. "काका, ह्या गाडीला धूर नाहीच," तो म्हणाला. "मागून काही येतच नाही. कालच शोरूममधून आली म्हणावी अशी आहे." मामांचा त्या दिवशीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते प्रमाणपत्र त्यांनी काचेवर न लावता घरी नेऊन फ्रेम केलं. मी संगणकाची परीक्षा वरच्या श्रेणीत पास झाल्याचं सांगितलं होतं, तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले होते. धूर मागून येत नाही, तर मग जातो कुठं, हा प्रश्न तेव्हा मामांनाही पडला नाही आणि मी, इंजिनिअरिंगची पदवी भिंतीला टांगून बसलेला माणूस, मलाही पडला नाही.

मामींचं डोकं दुखू लागलं ते याच सुमारास. मामींची धाकटी बहीण, आमच्या मावशी, सासवडला राहायची आणि दर रविवारी, मी पोत्यावरून उठलो की, मामा-मामी दोघं गाडीनं बोपदेव घाटातून तिच्याकडे जाऊन यायची. पुढच्या सीटची स्प्रिंग दुरुस्तीला होती, म्हणजे ती बाल्कनीत होती, म्हणून मामी मागं बसायच्या. घरी आल्या की डोकं धरून पडायच्या. मळमळायचं. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मामा म्हणायचे, "उपाशीपोटी निघतेस, दुसरं काय." मामी म्हणायच्या, "वय झालं आता." कुणालाच राग आला नाही, कुणीच भांडलं नाही.

श्रावणातला एक रविवार होता. पाऊस मुसळधार लागलेला. बायको माहेरपणाला येऊन मामांच्या घरी झोपली होती, कारण तिला दिवस गेले होते, आणि ती जाऊ शकत नव्हती म्हणून तिच्याऐवजी मावशींना वाण द्यायला मीच निघालो. पुढची सीट दुरुस्त होऊन परत आली होती. जावयाचा मान म्हणून मामींनी मला तिथं बसवलं. सगळ्या काचा वर. मामांच्या बाजूची तेवढी चार बोटं उघडी, त्यातून पाण्याचे शिंतोडे आम्हा दोघांच्या तोंडावर येत होते. कोंढवा सोडला, घाट सुरू झाला. मामा खुशीत होते. "आवाज ऐका," ते मला म्हणाले. "काय गोड झालाय." मग आरशात न बघता त्यांनी विचारलं, "अगं, लाडवांचा डबा घेतलास ना?" मामी काही बोलल्या नाहीत. "डबा घेतलास का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी मागं वळून बघितलं. मामींचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड अर्धवट उघडं होतं आणि डबा मांडीवरून घसरून खाली लाडू सांडले होते. डोळे मिटलेले नव्हते, पण त्या बघतही नव्हत्या.

गाडी थांबली कशी आणि आम्ही त्यांना बाहेर काढलं कसं, हे मला सलग आठवत नाही. घाटाच्या कठड्यावर त्यांना बसवलं, मी पाठीमागून धरून उभा राहिलो. मामा छत्री घेऊन आले. डावीकडे अर्धा फेर, मुठीवर चापट. छत्री उघडेना. पुन्हा फेर, पुन्हा चापट. मग त्यांनी ती छत्री दरीत भिरकावून दिली आणि स्वतः मामींच्या डोक्यावर ओणवे होऊन, अंगाचं छप्पर करून उभे राहिले. "ए, अगं. अगं, बघ ना इकडं. बघ ना," आधी एवढंच ते म्हणत होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मामींना नावानं हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली. तीनदा.

थोड्या वेळानं मामींना मोठी उलटी झाली आणि त्यांनी खोल श्वास घेतला. "पाऊस आहे का?" त्यांनी विचारलं. मामांनी मान हलवली. मग ते एकदम वळले आणि तसेच, त्या चिखलात, पोतं-बितं काही न घेता, गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर चिखल होता आणि आवाज अगदी ऑफिसातला होता. "मागच्या सीटखालचा पत्रा सडलाय. पुढचा सांधा तिथंच फुटलाय," ते म्हणाले. "मी मागं बुजवत गेलो, जावईबापू, आणि धूर पुढं आला."

सासवडकडून मार्केट यार्डाला झेंडूची फुलं घेऊन निघालेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं काही विचारलं नाही. "काकूंना पुढं बसवा, काच उघडी हाय," एवढंच म्हणाला. मी मागं ताडपत्रीखाली फुलांच्या करंड्यांवर बसलो. कोंढव्याच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी मामींना ऑक्सिजन लावला आणि काय झालं ते विचारलं. मामींनी तोंडावरची नळी स्वतःच बाजूला केली आणि म्हणाल्या, "काही नाही हो. सकाळपासून पोटात काही नव्हतं, घेरी आली." मामा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. "खोटं बोलतेय ती," ते म्हणाले. "साबुदाण्याची खिचडी खाऊन निघाली होती. गाडीचा धूर आत येत होता. माझी चूक आहे. तसं लिहा." डॉक्टर म्हणाले, "बंद काचांत आणखी थोडा वेळ गेला असता, तर अवघड होतं. वेळेवर बाहेर काढलंत." मामांनी मान डोलावली. नंतर ते दवाखान्याबाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "पोर घरी राहिली म्हणून. नाहीतर ती आणि तिच्या पोटातलं..."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. "जावईबापू, नाना पेठेत येता का? मला नवीन काही घ्यायची सवय नाही." मी अर्धी रजा टाकून गेलो. सुट्ट्या भागांच्या त्या गल्लीत मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. दुकानदारानं दोन सायलेन्सर पुढं ठेवले. एक कंपनीचा, एक इकडेच बनवलेला, स्वस्त. "फरक काही नाही, काका," तो म्हणाला. "दोन्ही चालतील." मामांनी स्वस्त असलेल्याला हातही लावला नाही. "पुढच्या सांध्यापासून मागच्या टोकापर्यंत सगळं द्या. कंपनीचं," ते म्हणाले. रिक्षात तो सगळा संच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी मांडीवर आडवा धरला होता आणि खड्डा आला की ते त्याच्याखाली हात घालत.

गाडी घाटातून मी आणि मिस्त्रीनं सगळी दारं-काचा सताड उघड्या ठेवून खाली आणली. सीटखालचा सडका पत्रा कापून मिस्त्रीनं नवा बसवला. मामांनी कुठं हात लावला नाही. "काका, पाना धरताय का?" त्यानं विचारलं. "नाही. तुम्ही करा," मामा म्हणाले आणि एका ट्रकच्या टायरवर बसून राहिले. काम झाल्यावर मिस्त्रीनं आमचा तो जुना सायलेन्सर, तुपाचा पत्रा, दोरी, पंपाचा पाइप, सगळी आमची दोन वर्षं बाहेर ओढून ठेवली. "न्यायचंय का घरी?" मामांनी कधी काही मागं सोडलेलं त्याला माहीत नव्हतं. "नको," मामा म्हणाले. संध्याकाळी घरी त्यांनी नकाशा बाहेर काढला, कोपऱ्यात दोन समांतर रेघा मारल्या आणि त्यांच्यामध्ये सुंदर अक्षरात लिहिलं : रद्द. खाली सही केली.

नवी नळी बसवलेली गाडी चालू झालेली कळायचीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मामा मार्केट यार्डातून भाजी घेऊन आले आणि दारात उभे राहिले, तर मामी दचकल्याच. "अगंबाई, आलात कधी? चहा नाही टाकला मी." "असू दे," मामा म्हणाले. "मी टाकतो." आणि खरंच टाकला. मामींचं डोकं पुन्हा कधी दुखलं नाही. रविवारी मी सवयीनं जायचो. आम्ही दोघं गाडीजवळ उभे राहायचो, मामा बॉनेट उघडायचे, थोडं बघायचे, बंद करायचे. पोती मामींनी धुऊन वाळत घातली. मला मुलगी झाली तेव्हा तिचा पाळणा दुरुस्त करायला मी मुद्दाम एक कडी ढिली करून त्यांच्याकडे नेला. त्यांनी ती कडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ही आपणच सैल केलीत. स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा ताजा आहे." मग मात्र त्यांनी तो पाळणा सबंध सुटा केला आणि चार दिवस पुन्हा जोडत बसले.

पुढं आमचं ऑफिस हिंजवडीला गेलं. मीही कर्जावर एक गोल गाडी घेतली. मामांनी बिस्किट विकून टाकलं. कुणाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मग रविवारी सासवडला मीच दोघांना न्यायचो. मामा पुढं बसायचे, मामी मागं. मामांच्या लक्षात आलं, की मागच्या काचेचं एक बटण माझ्या दाराशी असतं. तेव्हापासून गाडीत बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "तिच्या बाजूची काच जरा खाली घ्या." "मामा, एसी लावलाय." "लावा की. मी कुठं नको म्हटलं?" पुढं कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग धूर ओकत असायची, तो सगळा आत यायचा. मी म्हणायचो, "मामा, बाहेरचा धूर येतोय." "बाहेरचा येतो तो दिसतो," मामा म्हणायचे, "येऊ दे." तीन-चार वर्षं असंच चाललं. उन्हाळ्यात लाही लाही होऊ दे, नाहीतर थंडीत बोपदेव घाटातला वारा कानात सुया टोचू दे, मामींच्या बाजूची काच उघडीच. नंतर मी बोलणं सोडून दिलं. मामा अधूनमधून मान वळवून मागं बघत आणि काहीतरी फालतू विचारत. पिशवी घेतलीस का, किल्ली कुठं ठेवलीस. मामींनी उत्तर दिलं की पुन्हा पुढं बघत.

मामा गेले त्यानंतर काही महिन्यांनी मावशींकडे काहीतरी कार्य होतं. मामी म्हणाल्या, "न्याल का मला?" पुढची सीट रिकामी असूनही त्या मागंच बसल्या. थंडीचे दिवस होते. कोंढवा संपून घाट लागला, तसं माझं बोट आपोआप त्या बटणावर गेलं आणि त्यांच्या बाजूची काच खाली उतरली.

"जावईबापू, लावा हो ती," मामी म्हणाल्या. "मला वारा कुठं सोसतो? कान ठणकतात."

मी आरशात बघितलं. "इतकी वर्षं कधी बोलल्या नाहीत, मामी?"

"काय बोलायचं?" त्यांनी पदर कानावरून ओढून घेतला. "त्यांना बरं वाटायचं."

मी काच वर केली. आत एकदम शांत झालं. नव्या गाड्यांत इंजिनाचाही आवाज येत नाही. दोन-तीन वळणं तशीच गेली. मामी बाहेर बघत होत्या, की डोळे मिटून होत्या, ते मला आरशातून नीट दिसत नव्हतं. "मामी, फराळाची पिशवी घेतलीत ना?" मी उगाचच विचारलं.

"घेतली हो," त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "राहू द्या. ती काच बोटभर उघडी ठेवा."